चुली किती?

शिरगणतीला दारात उभं राहिल्यावर ‘माणसं किती’ असं एकदम विचारायचं नसतं, हे मला २००१ च्या फेब्रुवारीत एका म्हातारीने शिकवलं. मी ओट्यावर टेकलो, पॅड मांडीवर घेतलं, कागद काढला आणि विचारलं. तिचा चेहराच उतरला. भरल्या घरातली माणसं मोजू नयेत, नजर लागते. मग माझी अडचण ओळखून तोडगाही तिनेच काढला. “चुली इचार ना. दोन शेतीस.” म्हणजे दोन आहेत.

आठवडाभर आधी तहसील कचेरीत आम्हा मास्तरांना जे दिवसभर शिकवलं होतं, ते या बाईने एका दमात सांगून टाकलं. सूचनापुस्तिकेतली व्याख्या अशी होती: जी माणसं नेहमी एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात, ती एक कुटुंब. कामाच्या निकडीने कुणाला तिथे जेवता येत नसेल, तर तेवढी सवलत. माणसं नात्याची असलीच पाहिजेत असं नाही. बिनानात्याची माणसं एका घरात राहत असली, पण जो तो आपापलं शिजवून खात असला, तर जितकी माणसं तितकी कुटुंबं. एकट्या माणसाचंही कुटुंब होतं. त्यावर माझ्या शेजारचे गुरुजी हळूच म्हणाले, “एकट्याचं कसलं कुटुंब? कुटुंब नाही म्हणून तर तो एकटा.”

मागच्या दोन रांगा हसल्या, कारण आमच्या पट्ट्यात जुनी माणसं बायकोलाच कुटुंब म्हणतात. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ असं म्हणणारा माणूस घरात एकटा असतो. गंमत सोडा, पण घोळ तिथेच आहे. इंग्रजीत रक्ताच्या, लग्नाच्या गोताला एक शब्द आहे आणि एका घरात राहून जेवणाऱ्यांना दुसरा. मराठी फॉर्मवर दोन्ही जागी ‘कुटुंब’ बसलं. म्हणजे सरकार विचारतं एक आणि ओट्यावरचा माणूस उत्तर देतो दुसऱ्याच गोष्टीचं. मधे उभा असतो चाळीस रुपयांची टोपी घातलेला मास्तर.

चूल धरून मोजायची ही रीत आजची नाही. आपल्याकडे १८७२ मध्ये पहिली गणना झाली ती तुकड्यातुकड्यांनी. सगळ्या देशाची एकाच वेळी झाली १७ फेब्रुवारी १८८१ ला. १९०१ च्या गणनेत तर घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, एका कुटुंबाने व्यापलेली इमारत किंवा इमारती, आणि कुटुंब म्हणजे एकत्र राहून एकत्र जेवणारी माणसं, असा हिशोब होता. सोबत राहणारे आश्रितही त्यात धरलेले. उदाहरणादाखल आई, विधवा बहिणी, धाकटे भाऊ. घरीच राहणारे नोकरचाकरसुद्धा. पुढे घर वेगळं आणि कुटुंब वेगळं मोजायची पद्धत आली, कुटुंबापुरती चूल मात्र राहिली. ती विधवा बहीण ध्यानात ठेवा. तिच्याकडे परत यायचंय.

इरावतीबाई कर्व्यांनी एकत्र कुटुंबाची जी खूण सांगितली, तीत चुलीबरोबर आणखी तीन गोष्टी होत्या: एक छप्पर, सामाईक मालमत्ता आणि सामाईक कुलधर्म. शिरगणतीने त्यातली चूल उचलली, मालमत्ता नि देव सोडून दिले. मला तेव्हा हे कोतेपणाचं वाटलं होतं. आता वाटत नाही.

*

माझ्या गटात आमचाच वाडा होता. गिरणाकाठी, भडगाव तालुक्यात. धाब्याचं घर, मधे अंगण, तीन बाजूंनी तीन भाऊ. थोरले जिभाऊ, मधले माझे वडील, धाकटे काका. आमच्याकडे ‘वेगळं झाले’ असं कमी म्हणतात, ‘वायलं निंघनं’ म्हणतात. हे तिघे १९८७ च्या आसपास वायले निघाले. निघाले म्हणजे काय, तर एका संध्याकाळी धान्याची कणगी तीन ठिकाणी उपसली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात एका धुराऐवजी तीन धूर दिसले. विहीर एक राहिली, पाण्याच्या बाऱ्या लावल्या. म्हैस एक राहिली, तीन दिवसांच्या पाळीने दूध. देव्हारा जिभाऊंकडे. सातबारा तर पुढे वीस वर्षं आजोबांच्याच नावाने चालला. आणि मांड्यांचं खापर एकच. ते काकूंच्या ताब्यात, कारण पुरणाचा मांडा हातावर तोलून खापरावर टाकणं वाड्यात फक्त त्यांनाच जमे. म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तीन चुलींच्या जागी एकच पेटायची. लेकी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके, एका पंक्तीला तीस-बत्तीस पानं. त्या दिवशी मी फॉर्म घेऊन गेलो असतो, तर मला सचोटीने एकच कुटुंब लिहावं लागलं असतं.

फेब्रुवारीत आखाजी नसते. तेव्हा तीन कुटुंबं लिहिली. प्रश्न आजीचा होता.

आजी महिन्याच्या पाळीने जेवायची. अमावास्येला आपलं गाठोडं, जपमाळ आणि तपकिरीची डबी घेऊन अंगण ओलांडायची. गणनेचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी. मी गेलो बारा तारखेच्या सुमारास, तेव्हा ती काकांकडे होती. तिचं नाव काकांच्या कागदावर, नातं ‘आई’. त्या साली माघाची अमावास्या तेवीस फेब्रुवारीला आली. गणना चालू असतानाच आजी अंगण ओलांडून आमच्या चुलीवर आली. १ ते ५ मार्च पुन्हा फेरी असते. मधल्या काळात कुणी जन्मलं, कुणी गेलं, कुणी मोजायचं राहिलं, ते बघायला. त्या फेरीत मी माझ्याच घरात बसलो होतो, समोर आजी भाकरी कुस्करत होती, आणि तिचं नाव मला आमच्या कागदावर लिहिता येत नव्हतं. एकदा मोजलेलं माणूस दुसऱ्यांदा मोजायचं नाही. वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. “माय आपली नाही का?” एवढंच म्हणाले. दहा वर्षांसाठी सरकारी दप्तरात आई धाकट्याची झाली, ही गोष्ट त्यांना लागली होती. गंमत म्हणजे काकूंना याचा आनंद वगैरे काही झाला नव्हता. त्यांना वाटलं, सासू आता कायमची आपल्याकडे लिहिली की काय.

शेवटी मी आजीलाच विचारलं, तुझं नाव कुठे असावं? ती म्हणाली, “मी कोन्हाच घरमा नही. मी ह्या घरमा शे.” ‘ह्या’ म्हणताना तिने हात कुठल्या एका दाराकडे केला नाही. अंगणावरून फिरवला.

हे लिहायला फॉर्मवर जागा नव्हती. तरी मी म्हणेन की चूक फॉर्मची नव्हती. पाळीने जेवायला घालायची युक्ती तिन्ही भावांनी काढली होती. कागदाने ती फक्त उघडी केली.

*

वायलं निघणं हा आमच्या मुलखाचा स्वभावच असावा. इंग्रजांच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन झाले. पूर्वेचा जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वायलं निघालं. तरीही लग्नपत्रिका छापताना ‘आम्ही खान्देशचे’च. चुली तीन, खापर एक.

कुटुंब मोजायला बसलेली सरकारी खाती पाहिली, तर तिथेही प्रत्येकाची चूल वायली. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात वर्षाला शंभर दिवसांचं काम ठेवलं, ते माणसाला नव्हे, कुटुंबाला. आणि तिथे कुटुंब म्हणजे रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्याची माणसं, जी एकत्र राहतात आणि एकत्र जेवतात किंवा ज्यांचं रेशनकार्ड एक आहे. ‘किंवा’ या शब्दावर गावात किती भांडणं झाली असतील याची गणना कुणी केलेली नाही. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य, पण अंत्योदय कार्डाला महिन्याला पस्तीस किलो, माणसं कितीही असोत. आठ माणसांचं एक अंत्योदय घर आणि चार-चार माणसांची दोन, यातला फरक पस्तीस किलोंचा. त्यासाठी कार्डं फुटली तर त्याला एकत्र कुटुंबाचा ऱ्हास म्हणू नये, साधी बेरीज म्हणावी. पीएम किसानचं कुटुंब आणखी आटोपशीर: नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. म्हणजे एका चुलीवर जेवणारे तीन भाऊ, प्रत्येकाच्या नावावर तुकडा असेल, तर तीन कुटुंबं आणि वर्षाला सहा-सहा हजार. उलट आयकराचं ‘हिंदू अविभक्त कुटुंब’. भाऊ पुण्यात, नाशकात आणि सुरतेत जेवत असले तरी ते अविभक्त राहू शकतं, त्याला स्वतःचा पॅन क्रमांकसुद्धा मिळतो.

२०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेनंतर तर गाव हुशारच झालं. वंचिततेच्या निकषांत एक होता: ज्या घरात सोळा ते एकोणसाठ वयाचं एकही प्रौढ माणूस नाही. घरकुलाच्या याद्यांना पुढे हीच गणना आधार झाली. ‘म्हातारा-म्हातारी वायले लिहिले असते तर...’ हे वाक्य मी पारावर नंतर कितीदा तरी ऐकलं. ज्या आई-बापांना खरोखरच वायलं काढलेलं होतं, त्यांना मात्र हा निकष कुणी समजावून सांगितला नाही.

जगात इतरत्रही हे काही फार नीटनेटकं नाही. अमेरिकेत एका राहत्या जागेत जेवढे राहतात तेवढे सगळे एक. चूल कोण विचारत नाही. १९८० पासून त्यांनी ‘कुटुंबप्रमुख’ हा शब्दही काढून टाकला. ब्रिटनमध्ये २००१ ला, दिवसातून निदान एक जेवण एकत्र किंवा बसायची खोली एकत्र, असं होतं. २०११ ला जेवण गेलं; स्वयंपाकाची सोय आणि बसायची खोली एकत्र वापरली की पुरे. एकत्र जेवणं ही आता विचारण्यासारखी गोष्ट उरली नाही असं त्यांना वाटलं असावं. स्कँडिनेव्हियात तर दारावर कुणी जातच नाही, पत्त्याच्या नोंदवहीवरून कुटुंब ठरतं. आमच्या वाड्याचा पत्ता एकच होता. तिथला कारकून आम्हाला एका फटक्यात पुन्हा एकत्र करून गेला असता.

*

गावाच्या उत्तरेला भिल्लवस्ती. २०११ च्या फेब्रुवारीत तिथे गेलो तेव्हा निम्म्या दारांना कुलपं, काहींना नुसत्या काट्या लावलेल्या. उसतोडीचा हंगाम. कुणी बारडोलीकडे, कुणी नगरकडे. दिवाळीनंतर निघतात आणि होळीच्या आसपास परततात. कारखाना लांबला तर तेही नाही. नियम असा की जो माणूस ९ ते २८ फेब्रुवारी पूर्ण काळ बाहेर आहे, त्याला गावी धरायचं नाही. तो जिथे आहे तिथे मोजला जाईल. म्हणजे उसाच्या फडाशेजारच्या पालात. त्या वर्षी होळी १९ मार्चला होती आणि देशाची गणना थांबली १ मार्चच्या मध्यरात्रीच्या ठोक्याला. अठरा दिवसांचा फरक. सातपुड्यात काठी गावच्या होळीला जो मुलूख नाचताना दिसतो, तो फेब्रुवारीच्या कागदावर त्या गावांत दिसतोच असं नाही.

एका झोपडीत एक आजी आणि चार नातवंडं होती. लिहिलं: कुटुंबप्रमुख स्त्री, विधवा, वय साठ, नातू, नातू, नात, नात. मधली पिढीच नाही. हा कागद शहरातल्या कुठल्या अभ्यासकाच्या हाती पडला तर त्याला वाटेल, इथे काही मोठा अनर्थ घडून गेला. घडलं एवढंच होतं की मुकादमाकडून उचल घेतलेली होती.

मुकादम कुटुंब मोजत नाही, कोयता मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. उचल कोयत्यावर मिळते. एकटा माणूस अर्धा कोयता. नवरा वारला की बाई अर्धी होते. हे मी अलंकारिक बोलत नाही, हिशोबाच्या वहीत तसं लिहिलेलं असतं. लेकरं, म्हातारी, गावी राहिलेली शेळी, यांना त्या वहीत रकाना नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीत सहा महिन्यांपेक्षा कमी काळासाठी बाहेर गेलेला माणूस घरातलाच धरतात, त्याहून जास्त गेला की घराबाहेरचा. उसाचा हंगाम त्या सहा महिन्यांच्या अलीकडे-पलीकडेच हिंदकळतो. पाऊस चांगला झाला, ऊस वाढला, कारखाना लांबला, की कागदावरचं कुटुंब आकसतं. घराचं माप ठरवणारा असा ऊस मी दुसरीकडे पाहिला नाही.

माझी सुरुवातीची नोकरी नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला झाली, मुलांच्या वसतिगृहाला लागून. जनगणनेत वसतिगृह हे एक ‘संस्थात्मक कुटुंब’. सगळी पोरं एका भटारखान्यात जेवतात म्हणून. नमुना पाहणीच्या सूचनेप्रमाणे तिथला प्रत्येक विद्यार्थी एकट्याचं कुटुंब. एकाच पंक्तीतली दोनशे पोरं एका कागदावर एक घर, दुसऱ्या कागदावर दोनशे घरं. रविवारी आई-बाप डोंगर उतरून भेटायला यायचे, झाडाखाली बसून पोराला घरची भाकरी द्यायचे. त्या भाकरीचं कुटुंब कुठल्याच कागदावर नाही.

आणि ज्यांना घरच नाही? त्यांच्यासाठी २८ फेब्रुवारीची रात्र. माझा एक मित्र त्या रात्री भुसावळ स्टेशनच्या परिसरात होता. बेघरांमध्येही कुटुंब शोधावं लागतं, आणि तेही चुलीवरूनच. तो सांगत होता, झोपलेल्यांना उठवण्याआधी तो तीन विटा शोधायचा. काळवंडलेल्या तीन विटांच्या एका मांडणीभोवती जितके झोपले तितके एक. विटांशिवाय झोपलेला माणूस एकटा.

*

आता तो आकडा, जो दर गणनेनंतर वर्तमानपत्रांत हळहळीसह छापून येतो. देशात एका कुटुंबात २००१ ला सरासरी ५.३ माणसं होती, २०११ ला ४.९ च्या आत आली. दहा वर्षांत लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली आणि कुटुंबं सुमारे २९ टक्क्यांनी. २०११ ला ती पंचवीस कोटींच्या घरात गेली. लगेच अग्रलेख: एकत्र कुटुंब मोडलं, संस्कार गेले. मी स्वतः एका व्याख्यानात असं बोलून टाळ्या घेतल्या आहेत, म्हणून सांगतो. सरासरी कमी व्हायला वाटणीच लागते असं नाही. पोरं कमी झाली तरी ती उतरते. आमच्या वडिलांच्या पिढीत एका चुलीवर सहा पोरं, माझ्या चुलीवर दोन. त्यात कोण कुणाशी भांडलं? शिवाय दोन भाऊ एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहतात, एकमेकांच्या पोरांच्या फिया भरतात, तेव्हा कागदावर दोन कुटुंबं असतात. आणि चार भाऊ एका चुलीवर जेवतात, पण कापसाचे पैसे कुणी कुणाला दाखवत नाही, तेव्हा एक. चूल मोजली तर चूलच कळते. त्यातून माया मोजायला निघालेल्यांनी आकड्याला दोष देऊ नये.

माणसं मोजण्याआधी घरांची यादी करतात, त्या घरयादीत आणखी एक प्रश्न असतो: या कुटुंबात विवाहित जोडपी किती, आणि खोल्या किती. २०१२ मध्ये शहरांतल्या घरांची तूट काढली तेव्हा ती १.८८ कोटी निघाली, आणि तीत मोठा वाटा रस्त्यावरच्यांचा नव्हता. दाटीवाटीने राहणाऱ्यांचा होता, ज्यांच्यात जोडप्याला वेगळी खोली नाही असे लोकही धरले होते. ‘आम्ही सगळे एकत्र राहतो’ या अभिमानाच्या वाक्याच्या मागे रात्री वसरीत खाट टाकणारा एक नवरा असतो, हे कुणा भाषणात येत नाही. त्या रकान्यात येतं.

*

आमच्या घरी दरवर्षी आणखी एक गणना होते, ती कानबाई देवीची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी रोटांचे गहू मोजतात. आमच्याकडची रीत अशी: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आजोबांपासून तान्ह्या पोरापर्यंत नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. भाऊबंदांची सगळी घरं यात येतात. वायला निघालेला, सुरतेला कारखान्यात लागलेला, ज्याच्याशी बांधाचा खटला चालू आहे तोही. त्याचं नाव घेऊन गहू पडतोच. त्या गव्हाचे रोट भाऊबंदांतच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. लग्न झालेल्या लेकीलाही नाही. चुलीच्या गणनेत जे तुटलेलं दिसतं ते या गणनेत अखंड असतं. लहानपणी मला ही सगळ्यांत खरी शिरगणती वाटायची.

माझी बहीण १९९३ मध्ये माहेरी परत आली. का, ते इथे लिहायचं कारण नाही. तेव्हापासून रोटांचे गहू तीच पाखडते, तीच दळते, तीच रोट भाजते. तिच्या नावाने मूठ पडत नाही. लेक म्हणून ती परक्याची, आणि त्या परक्या घरी आता तिचं कुणी नाव घेत नाही.

२०११ च्या फेब्रुवारीत आमच्या घराचा कागद मीच भरला. वडील गेले होते, कुटुंबप्रमुख म्हणून आईने माझंच नाव लिहायला लावलं होतं. बहिणीची ओळ आली. नातं: बहीण. वय. शिक्षण. मग वैवाहिक स्थिती. त्या गणनेत ‘विभक्त’ आणि ‘घटस्फोटित’ यांना वेगवेगळे संकेतांक होते. अठरा वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न तिला कुणी सरळ विचारला नव्हता. मी प्रगणक होतो, मला विचारणं भाग होतं. पेन हातात धरून विचारलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. “तुले जे लिखनं शे ते लिख.” कोर्टाचा कागद झालेला नव्हता. मी ‘विभक्त’ लिहिलं.

शाळेत समाजशास्त्राच्या धड्यात मी वर्षानुवर्षं ‘एकत्र कुटुंब’ आणि ‘विभक्त कुटुंब’ शिकवत आलो. हाच शब्द एका बाईच्या नावापुढे लिहिताना हात जड होतो, हे मला धड्यात कुठे सापडलं नव्हतं. पण तिची ओळ त्या कागदावर पूर्ण होती. वय, शिक्षण, काम, सगळं. तिच्या कामाच्या रकान्यात मी शेती लिहिलं, कारण कपाशीचं सगळं तीच पाहत होती. रेशनकार्डावर तिचं नाव चढायला आणखी चार वर्षं लागली. सासरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला आणा म्हणाले. सातबाऱ्यावर अजून नाही. रोटांत नाही. एका रुक्ष व्याख्येने, जिला नात्याशी, देवाशी, जमिनीशी काही घेणं नव्हतं, तिने एवढंच पाहिलं की ही बाई इथे राहते आणि इथे जेवते. १९०१ च्या कागदात ती आश्रित म्हणून आली असती. २०११ मध्ये एक माणूस म्हणून आली.

*

२०२१ ची गणना कोविडने लांबली. आता १ मार्च २०२७ चा मुहूर्त आहे, त्याआधी २०२६ मध्ये घरयादी; ऑनलाइन आपली माहिती आपणच भरायची सोयही आहे. मी निवृत्त होऊन जळगावात राहतो. मुलगा पुण्यात, त्याचं जेवण डब्याचं; त्याच्या स्वयंपाकघरात इंडक्शनवर फक्त कॉफी होते. घरयादीच्या प्रश्नात ‘स्वयंपाक होत नाही’ असाही एक पर्याय असायचा. त्याच्यावर खूण करणारा माणूस आपल्या घरात निघेल असं वाटलं नव्हतं.

गावच्या वाड्यात आई आणि बहीण. आईच्या वयाच्या मानाने तिचे कान चांगले आहेत, बोटं मात्र संधिवाताने वाकली. परवा फोनवर सहज विचारलं, “माय, शिरगणतीवाला आला तर कुटुंबप्रमुख कोण सांगशील?” माझ्या डोक्यात तीन उत्तरं तयार होती. रेशनच्या कायद्याने घरातली वडील बाई प्रमुख, म्हणजे ती. जनगणनेच्या नियमाने घरचे ज्याला प्रमुख मानतात तो; बाई असो, पुरुष असो, वयाने लहान असो. आणि गावाच्या रिवाजाने मी. ती म्हणाली, “तुन्ही बहीन.”

मी म्हटलं, “अन् मी?”

“तू आठे जेवस का? मंग?”

मागून भांड्यांचा आवाज येत होता. बहिणीने फोन घेतला. आईची बोटं मिटत नाहीत तेव्हापासून, सहा-सात वर्षं, रोटांची सव्वा मूठ बहिणीच्याच हाताची असते. सगळ्या भाऊबंदांचा गहू तिच्या मुठीच्या मापाने पडतो. तिने कपाशीच्या भावाचं सांगितलं, पंपाचं सांगितलं, आणि मग विचारलं, “तुन्हा पुनावाला पोऱ्याना गहू लेवाना का औंदा? का तो वायला निंघना?”